आधी कॉम्प्युटरात, मग चंद्रावर



चाकणचा कांद्याचा बाजार तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. त्याच चाकणच्या आसपास आता मोटारींचे कारखाने झाले. नवी मोटार विकायला काढण्याआधी ती भिंतीवर आदळून पाहतात. आतला माणूस वाचेल का, ते कळावे म्हणून. पण दर खेपेला खरी मोटार मोडायची म्हणजे केवढा खर्च! म्हणून आधी कॉम्प्युटरात मोटार आदळतात. पत्रा किती वाकेल, याचे गणित यंत्र मांडते.

चंद्रावर जाणारे यानही आधी असेच कॉम्प्युटरात उडवतात.

तुम्ही म्हणाल, हा तर पोरखेळ झाला. तसे नाही. हा हिशेब आहे. विहिरीत दगड टाका. एका सेकंदाने त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. दोन सेकंदांनी २० मीटर. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच. तिथे वेग हळू वाढतो. कॉम्प्युटर सेकंदाचेही बारीक तुकडे करतो. इंजिनाचा जोर किती, इंधन जळून वजन किती घटले, सारे धरतो. एका तुकड्याचे उत्तर आले, की त्यावरून पुढच्या तुकड्याचे गणित. असे लाखो वेळा!

चंद्रावर हवा नाही. तिथे हवाई छत्री चालत नाही. इथून पाठवलेला संदेश पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणून यानाने स्वतःच आपला वेग आवरायचा. ३० किलोमीटर उंचीवर ते ताशी सुमारे ६००० किलोमीटर वेगाने धावत असते. तिथून अलगद खाली यायचे!

७ सप्टेंबर २०१९ ला आपले 'विक्रम' यान चंद्रावर आदळले. इंजिनांनी ठरल्यापेक्षा थोडा जास्त जोर दिला. चूक साठत गेली. उतरायची जागाही लहान ठरवली होती, लांबीरुंदीला अर्धा-अर्धा किलोमीटर. देश हळहळला.

मग शास्त्रज्ञांनी उलटे प्रश्न घातले. इंजिन कमी चालले तर? एखादे यंत्र बंद पडले तर? वेग जास्त राहिला तर? प्रत्येक 'तर' कॉम्प्युटरात घालून पाहिला. जागा मोठी केली, सुमारे ४ किलोमीटर लांब. पाय बळकट केले. इंधन वाढवले. नुसत्या गणितावरही विसंबले नाहीत बरं का. यंत्रे हेलिकॉप्टरला बांधून तपासली. कारण काटाच खोटा असला, तर पावती कितीही सुबक लिहा, कांद्याचे पैसे चुकायचेच. कॉम्प्युटरचे तसेच. आत खोटा आकडा गेला, की उत्तरही खोटे.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ नीट उतरले.

मोठी गणिते करणारी यंत्रे आपल्या पुण्यातही घडली. १९९१ साली सी-डॅक या संस्थेने 'परम' बनवला. २००७ साली टाटांच्या 'एक' या पुण्यातल्या यंत्राने जगात चौथा नंबर मिळवला.

आता तर असा प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवरही चालतो. शाळेतली पोरे पडद्यावर सूर्य मांडतात, भोवती ग्रह फिरवतात. सूर्याची ओढ पाव करून बघा. आपली पृथ्वी सूर्याला सोडून दूर निघून जाते, ती काही परत येत नाही. मग पोरे बटण दाबून तिला पुन्हा जागेवर आणतात.