पाड्यावरच्या लहानग्यांसाठी गोष्ट निवडताना

(नाताळच्या कार्यक्रमाच्या तयारीसाठी खारघर येथे जमलेल्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



यंदा नाताळात पाड्यांवरच्या बालवाडीच्या मुलांसाठी वीस मिनिटांचं नाटुकलं करायचं आपण ठरवलं आहे. कपडे कोण शिवणार, ढोलकी कोण वाजवणार, याची नावंही आली. गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही. आलेल्या सूचना पाच आहेत: काऊ-चिऊ, चेटकिणीची एक गोष्ट, नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ, आणि हरवलेलं नाणं. यावर हात वर करून मतदान घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. आपल्याला कोणती आवडते हा प्रश्नच नाही. समोर जमिनीवर बसणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाकडे पाहून निवड व्हावी.

आता कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला? लहान मुलं आहेत. हसतील, खाऊ खातील, विसरतील. पण काऊ-चिऊची गोष्ट या खोलीत कोण विसरलं आहे? चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी कावळ्याचं घर कशाचं आणि चिमणीचं कशाचं, हे आपण झोपेतही सांगू. या वयात ऐकलेलं आत जाऊन बसतं.

तर त्याच गोष्टीपासून सुरुवात करू. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि ती एकेक काम पुढे करून त्याला भिजत थांबवते. काही घरांत पुढे कावळा तापलेल्या तव्यावर भाजतो आणि सगळे हसतात. आपण सगळे या गोष्टीत चिमणी झालो, कारण आपली घरं पक्की होती. आता डोंगरावरच्या पाड्यातलं मूल डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप असलेली घरं तिथे अजून आहेत. पावसाआधी त्याची आई स्वतःच्या हातांनी भिंत सारवते. ते मूल या गोष्टीत कोण? शेणाचं घर बांधणारा वेडा तोच. आणि दार न उघडणारी शहाणी कोण, हे त्याला शहराकडे पाहून कळायला वेळ लागत नाही. आपल्या सेक्टरमधल्या गेटाशी रानभाजी घेऊन त्याच्याच घरच्या बाया बसतात.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न असा: बघणाऱ्या मुलाला आपली जागा कुठे दिसेल? राक्षसाला काळा रंग फासून, केस पिंजारून, पानांचा घागरा नेसवून आणण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्यांचे आजोबा रानातच वाढले, त्या मुलांपुढे असा राक्षस उभा करायचा नाही.

दुसरा प्रश्न भीतीचा. मराठी बालनाट्यात चेटकिणीचा मान मोठा आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू करून रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, त्यात चेटकीण त्या स्वतः झाल्या होत्या. पुढे ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण गाजली. नाट्यगृहात आईच्या कुशीत बसून घाबरायला मुलांना आवडतं, त्यात वावगं काही नाही. पण पालघरकडे एखाद्या म्हातारीला ‘भुताळी’ ठरवलं जातं, नंदुरबारकडे ‘डाकीण’ म्हटलं जातं, आणि त्यापायी बायकांना मार खावा लागला आहे, गाव सोडावं लागलं आहे. असा छळ हा गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ साली झाला. शहरात जी गंमत आहे, ती पाड्यावर एखाद्या एकट्या म्हातारीच्या जिवावर येऊ शकते. म्हणून चेटकीण नको.

नोहाच्या तारवात प्राणी आहेत, मुखवटे आहेत. मुलं खूश होतील. पण चार वर्षांचं मूल लगेच विचारतं, “बाहेर राहिले त्यांचं काय झालं?” १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर मुसळधार पावसात दरड कोसळली. ती ठाकूर आदिवासींची वाडी होती. आपल्या डोंगरावरही ठाकूर कुटुंबं आहेत. पावसाने सगळं बुडालं ही गोष्ट त्या मुलांपुढे आपण सहज, ढोलकीच्या तालावर सांगू शकत नाही. दावीद-गल्याथाबद्दल एवढंच सांगते, की पाड्यावरच्या थोरल्या पोरांच्या खिशात गलोल असते. दुसऱ्या दिवशी गल्याथ कुणाला तरी व्हावं लागेल.

तिसरा प्रश्न: मुलांना करायला काय आहे? या वयाचं मूल नुसतं बसून पाहत नाही. त्याला मोजायला, ओरडायला, शोधायला हवं असतं. म्हणून माझं मत हरवलेल्या नाण्याला, म्हणजे लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दाखल्याला आहे. एका बाईजवळ दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. त्या काळी असं नाणं साधारण एका दिवसाच्या मजुरीएवढं असे. रोजावर जाणाऱ्या आईच्या मुलाला ते का शोधायचं, हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच अध्यायातलं हरवलेलं मेंढरूही सुंदर आहे, पण मेंढरं शंभर. एवढी मोजेपर्यंत निम्मी मुलं झोपतील.

बसवायचं असं: पुठ्ठ्याची दहा मोठी नाणी. मुलं बाईबरोबर मोठ्याने मोजतील. दहावं नाणं घरंगळत मुलांच्या सतरंजीखाली जाईल. ते मुलांना दिसेल, बाईला दिसणार नाही. ती चुलीपाशी शोधेल, उंबऱ्यापाशी शोधेल, मडक्यामागे शोधेल. मुलं “इथे, इथे!” म्हणून ओरडतील आणि तिला ऐकूच येणार नाही. मोठ्या माणसाला न कळणारी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, याहून मोठा आनंद त्या वयात नसतो. शेवटी शेजारी म्हणून सगळ्या मुलांनाच बोलवायचं. या गोष्टीत कुणी दुष्ट नाही आणि दाराबाहेर कुणी राहत नाही.

आता एक नाजूक मुद्दा. नाटुकलं संपल्यावर बोध सांगू नये, मुलांकडून काही वदवून घेऊ नये, पत्रकं वाटू नयेत. ही मुलं त्यांच्या आईवडिलांची आहेत आणि ती त्यांनी विश्वासाने आपल्याकडे धाडली आहेत. ही गोष्ट आपल्या पुस्तकातली आहे, हे पाड्यातल्या वडीलधाऱ्यांना आधीच जाऊन सांगायचं. त्यांनी नको म्हटलं, तर त्यांच्याच आजीकडून एक गोष्ट मागून घ्यायची आणि ती बसवायची. प्रभूने हा दाखला कुणापुढे सांगितला तेही आठवा. “हा नको त्या लोकांबरोबर जेवतो,” अशी कुरकुर करणाऱ्या प्रतिष्ठितांपुढे. म्हणजे बोध घ्यायचाच असेल तर तो आधी आपण घ्यावा.

कामं वाटून घेऊ. बाईचं काम करणारीने पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेकडे बसून वाक्यं तिथल्या बोलीत करून घ्यावीत. वाक्यं दहाच्या वर नकोत. केरसुणी, कंदील आणि मडकं पाड्यावरूनच मागावं. रंगवलेली खोटी वस्तू नको. माइक नको. कार्यक्रम सकाळी ठेवावा, म्हणजे रोजावर निघण्याआधी आयाही थांबतील. खाऊ सगळ्यांना सारखा; उत्तर दिलं म्हणून बक्षीस नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर पहिली तालीम आहे.

प्रभू या कामात आपल्या सर्वांबरोबर असो. आमेन.