लहान सरकार, मोठं सरकार

अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष म्हणजे लहान सरकार आणि डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे मोठं सरकार, अशी ढोबळ वाटणी केली जाते. पण सरकारचा आकार मोजायचा कशावरून? खर्चावरून, नोकरवर्गावरून, की कायद्यांवरून?

रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये शपथविधीच्या भाषणातच सरकारला समस्या ठरवलं. प्राप्तिकराचा कमाल दर त्यांनी ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणलाही. मात्र संरक्षणखर्च वाढत गेला आणि त्यांच्या आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळपास तिप्पट झालं. पुढे २००३ मध्ये वृद्धांच्या औषधखर्चाची मोठी सरकारी योजना मंजूर केली ती रिपब्लिकन जॉर्ज बुश (धाकटे) यांनी.

उलट डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांच्या काळात केंद्राचा नागरी नोकरवर्ग तीन लाखांहून अधिक घटला. अर्थात त्यातली बरीच कपात शीतयुद्ध संपल्यामुळे संरक्षण खात्यात झाली होती. शिवाय सरकारी काम कंत्राटदाराकडे गेलं, तर माणसं हजेरीपटावरून कमी होतात, पैसा मात्र तिजोरीतूनच जातो. म्हणून मला तरी ‘लहान की मोठं’ यापेक्षा ‘कोणासाठी मोठं’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.