नेमबाजाचें काडतूस

अचूक नेम म्हटला म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें नेमबाजाची स्थिर नजर आणि न डळमळणारा हात उभा राहतो. काडतुसाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु ५० मीटरच्या स्पर्धेंत उतरणाऱ्या नेमबाजास या अवघ्या एक इंच लांबीच्या वस्तूची निवड करतांना फार काळजी वाहावी लागते.

या स्पर्धेच्या रायफलीस .२२ 'लाँग रायफल' जातीचें काडतूस लागतें. तें १८८७ सालापासून चालत आलेलें आहे. त्याच्या बुडाची कड आंतून पोकळ असून तींत स्फोटक मसाला भरलेला असतो. कडेवर आघात होतांच तो पेटतो. मोठ्या रायफलींचीं रिकामीं काडतुसें कित्येक देशांतील हौशी नेमबाज घरीं पुन्हां भरतात आणि दारू किंचित् कमीअधिक करून पाहतात. येथें ती सोय नाहीं. कारखान्यानें जें दिलें त्यांतूनच निवड करावयाची.

आणि कारखान्यानें दिलेलें सर्वच सारखें नसतें. मसाला कडेंत सर्व बाजूंस सम प्रमाणांत बसला नाहीं तर गोळीचा वेग बदलतो. गोळी सुमारें २.६ ग्रॅम वजनाची; तिचा वेग सेकंदास सुमारें ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीहून थोडा कमी. तो मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हां तिच्याखालीं येतांना गोळी डगमगते. आतां दोन गोळ्यांच्या वेगांत १० मीटरांचा फरक पडला, तर ५० मीटरांवर त्या एकमेकींपासून सात-आठ मिलिमीटर खालींवर लागावयाच्या. दहा गुणांचें वर्तुळ तर १०.४ मिलिमीटर व्यासाचें! अंतिम फेरींत गुण दशांशांत मोजतात. एका दशांशामागें अवघें ०.८ मिलिमीटर अंतर. २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं कांस्यपदक मिळविलें तें ४५१.४ गुणांवर. त्यांतील शेवटचा चार केवढा, तें यावरून ध्यानांत यावें.

मग सर्वांत महाग डबी घेतली म्हणजे झालें, असें श्रोत्यांपैकीं कोणास वाटेल. तसें होत नाहीं. एकाच छापाचे, एकाच किंमतीचे दोन लॉट एकाच रायफलींत निरनिराळे वागतात. आणि एकास लाभलेला लॉट शेजाऱ्याच्या रायफलींत नापास होतो. नळीचा आंतील घाट आणि गोळी सुटतांना तिला येणारें कंपन प्रत्येक रायफलीचें वेगळें. म्हणून जाणता नेमबाज छाप विकत घेत नाहीं, डबीवरील लॉटचा आंकडा विकत घेतो.

इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळील ईले कारखान्यांत किंवा जर्मनींतील शोनेबेक येथील लापुआच्या केंद्रांत ही परीक्षा होते. बंद दालनांत, वारा नसतांना, रायफल पकडींत घट्ट आंवळतात आणि एकामागून एक लॉट तिच्यांतून सोडतात. लॉट बदलला कीं पहिल्या दहापंधरा गोळ्या हिशेबांत धरावयाच्या नाहींत. आधींच्या लॉटचें मेण नळींत राहिलेलें असतें. पांच गोळ्या एका छिद्रांत गेल्या म्हणून हुरळून जाण्यांत अर्थ नाहीं, तें नशीबहि असूं शकतें. दहा-दहांचे निदान चार पुंजके काढावे, ते एकावर एक मांडावे, आणि सर्वांत दूर गेलेली गोळी कोठें आहे तें पाहावें. "ती एक हातून चुकली" असें म्हणून ती वगळण्याचा मोह अनावर असतो. पण पकडीस हात कोठला?

यानंतर प्रश्न पैशाचा. निवडलेला लॉट एकदां संपला कीं तोच पुन्हां निघत नाहीं. म्हणून वर्षभराचीं हजारों काडतुसें एकदम घ्यावीं लागतात. भारतीय नेमबाजास हीं उत्तम काडतुसें परदेशांतून आणवावीं लागत असल्यानें निवड चुकली तर अख्खा हंगाम त्याच चुकीवर काढावा लागतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीं तो पकड सोडून स्वतः पालथा पडतो, रायफल खांद्यास लावतो, आणि पसंतीस उतरलेल्या दोन-तीन लॉटांच्या पुन्हां चाळीस-चाळीस गोळ्या झाडून पाहतो.