अस्सीवरचे भाषाशिबिर आणि आपली मुले
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी साहित्यिक नव्हे. केंद्र सरकारचा एक नोकर. बदलीच्या हुकमामागे बिऱ्हाड हलवीत भोपाळ, दिल्ली करून काशीस आलो, आणि ब्रह्माघाटाच्या गल्लीत मराठी कानी पडताच निम्मा शीण उतरला. आज बोलावयाचे आहे ते मात्र हिंदीविषयी; निदान आरंभी तरी.

परदेशी विद्यार्थ्यांनी काशीत राहून हिंदी शिकावी, ही प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विद्यार्थी १९६० च्या दशकापासून कित्येक वर्षे येथे येत असत. अस्सीच्या बाजूस भरणाऱ्या अशाच एका उन्हाळी शिबिरात मी दोन वर्षे संध्याकाळी जात आहे. काम एवढेच की, दोघा विद्यार्थ्यांना घेऊन घाटावर फिरावयाचे, त्यांना नावाड्याशी घासाघीस करू द्यावयाची आणि तोंडातून इंग्रजी शब्द काढावयाचा नाही. मिडलबरी येथे १९१५ मध्ये जर्मनच्या वर्गाने ज्या उन्हाळी भाषाशाळा सुरू झाल्या, तेथे तर विद्यार्थी तशा प्रतिज्ञेवर सहीच करतात.

पहिल्या दिवशी फजिती झाली ती माझी. माझी हिंदी फायलींवर वाढलेली. नाव यावयास वेळ आहे, हे मी 'विलंब अपेक्षित है' अशा शब्दांत सांगितले. विद्यार्थ्याने ते वहीत टिपून घेतले!

एके सायंकाळी एका विद्यार्थ्यास ताप भरला. 'बुखार' हा शब्द त्याला आठवेना. मी इंग्रजी शब्द पुरविणार, तोच शिकविणाऱ्या बाईंनी मला हाताने थांबविले. कपाळाला हात लावून तो म्हणाला, 'मेरा सिर आग है.' बाईंनी विचारले, 'अच्छा, बुखार है? कब से है?' 'बुखार कल से है,' तो म्हणाला. शब्द त्याचा झाला. 'मेरा किताब' म्हणणाऱ्याला त्या इतकेच विचारीत, 'आपकी किताब कहाँ है?' चूक कोणी दाखवीत नसे, बरोबर रूप कानावर पडत असे. आणि कोणी हसत नसे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा मुलगा भोपाळात वाढला. सात-आठ वर्षांचा असताना पुण्यास एका लग्नात त्याने विचारले, 'माझी पुस्तक कुठे आहे?' हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. त्याचा तर्क सरळ होता. मांडवातली मंडळी हसली. त्यांचे सोडा, मी हसलो, आणि पुढे वर्षभर ते वाक्य आल्यागेल्याला रंगवून सांगितले. त्याने हळूहळू मराठी बोलणे सोडले. आई मराठीत विचारी, तो हिंदीत उत्तर देई. आम्ही दोष दिला तो शाळेला आणि शेजाराला.

काशीत तो दोष टिकत नाही. १६७४ मध्ये रायगडी राज्याभिषेक करणारे गागाभट्ट येथलेच. 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये येथल्याच मराठी घरात जन्मले आणि त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. भोवती पिढ्यानुपिढ्या हिंदी असूनही या गल्ल्यांतून मराठी उरली आहे. शिवाय अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या पुण्यातील वर्गात परदेशी विद्यार्थी मराठी शिकतात. त्यांच्यापैकी कोणी 'माझी पुस्तक' म्हणाला तर आपण कौतुकाने त्याला आणखी एक पुरणपोळी वाढू. घरच्या लेकरालाच तेवढे हसतो.

गेल्या मे महिन्यात मंडळाने पंधरा दिवसांचा मराठी वर्ग भरविला, तेव्हा मी दोनच नियम मागितले : बोलणे मराठीत, आणि चुकीला हसावयाचे नाही. अकरा मुले आली. तिसऱ्या दिवशी ती जिन्याखाली हिंदीत कुजबुजताना सापडली. दुसरा नियम तर मुलांपेक्षा दारात उभ्या असलेल्या पालकांनीच अधिक मोडला. दोन मुलींनी मात्र शेवटी आजीला मराठीत पत्रे लिहिली. चुका होत्या. आम्ही ती तशीच टपालात टाकली.

माझा मुलगा आता मोठा आहे. तो खुर्च्या मांडावयास येत असे. एके दिवशी त्याने मला विचारले, 'बाबा, चहा झाली?' मी म्हणालो, 'हो, झाला. घे.'

येत्या मे महिन्यात वर्ग पुन्हा भरावयाचा आहे. मुलांना अवश्य पाठवावे. पालकांनी मात्र पहिले चार दिवस दारापासून दूर राहावे, ही विनंती.