पत्र न उघडता

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना आहे. तिने कानपूरच्या आयआयटीसह सिद्ध केलेले यंत्र धावत्या गाडीचे सदोष चाक रुळावरील आघातावरून ओळखते. गाडी थांबवावी लागत नाही. ई-मेलमधला उपद्रवी जाहिरातदारही असाच, पत्र न उघडता, वर्तनावरून हेरता येतो. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. मजकूर साधा संगणकाचा. खटकले ते धाडणे! आज काही सर्व्हर अनोळखी प्रेषकाला ‘थोड्या वेळाने या’ म्हणतात. प्रामाणिक सर्व्हर परततो, घाईतला उपद्रवी सहसा नाही. क्षणात शेकडो पत्ते, त्यांतले कित्येक बंद पडलेले, हीही खूणच. परंतु जुन्या यादीवरून सभासदांना सूचना धाडणारे ग्रंथालयही त्याच चाळणीत अडकते, आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही.