विश्वासाने नीतिमान : एका सिद्धान्ताची पंगत



मनुष्य ईश्वरासमोर नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरील विश्वासाने, स्वतःच्या कर्माच्या बळावर नव्हे, हा पौलाचा सिद्धान्त, ज्यावरून लूथरच्या काळी पाश्चात्त्य ख्रिस्ती जगत दुभंगले आणि ज्याच्या मूलतत्त्वांविषयी रोमन कॅथलिक व लूथरन चर्चांनी 1999 साली आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तो आपण पंडितांच्या वादाचा विषय मानतो. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो मांडला गेला तो पंगतीच्या भांडणातून. अंत्युखियात पेत्र सुंता न झालेल्या परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडची, सुंतेचा आग्रह धरणारी काही मंडळी येताच त्यांच्या धाकाने तो परराष्ट्रीयांपासून वेगळा राहू लागला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. ज्या न्यायासनापुढे दोघांचाही निवाडा एकाच कृपेने झाला, तेथून परतल्यावर एकाने दुसऱ्याचा विटाळ मानावा, ही सनद त्याला दिली कोणी?

रोमकरांस लिहिताना पौल अब्राहामाचा दाखला काढतो, आणि तो मला बिनतोड वाटतो : अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून जमेस धरल्याची नोंद उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे, सुंतेचा विधी सतराव्यात येतो. याकोबाच्या पत्रात कर्मावाचून विश्वास निर्जीव म्हटला आहे खरा. पण प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास पौलालाही अभिप्रेतच होता.

आपल्याकडे पंगतीचा हा प्रश्न 1843 साली मुंबईत कोर्टकचेरीपर्यंत गेला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अज्ञान भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले, पण मिशनऱ्यांच्या घरी अन्नग्रहण केलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. त्यांच्या औदार्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही एका बालकाची शुद्धता त्याच्या ताटावरून ठरत होती, हे विसरता येत नाही.

त्याच नारायण शेषाद्रींनी पुढे, सालारजंगांच्या दिवाणगिरीच्या काळात, निजामाच्या मुलखात जालन्यापाशी बेथेल ही वसाहत उभारली, आणि त्यांचे कार्य मुख्यत्वे मांग समाजात झाले. वेदाधिकाराच्या कुळात जन्मलेल्या पुरुषाने, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्याबरोबर एकाच कृपेचे ऋणी म्हणून आयुष्य घालवावे, यापरते या सिद्धान्ताचे भाष्य मी मराठीत वाचलेले नाही. म्हणूनच सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारणाऱ्या काही ख्रिस्ती कुटुंबांनी रविवारी हा सिद्धान्त ऐकावा आणि सोमवारी उंबरठ्यावर तो नाकारावा, हे मला अमान्य आहे.