चष्मा नव्हे, खुर्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मघाशी मुलांच्या वेशभूषा स्पर्धेत तीन सुपरमॅन आणि एक बॅटगर्ल येऊन गेली. परीक्षक म्हणून मी एका सुपरमॅनला विचारलं, "एरवी तू काय करतोस रे?" तो म्हणाला, "उडतो!" पण मला सुपरमॅनच्या उडण्यापेक्षा त्याच्या नोकरीचंच कौतुक जास्त. त्यावर चार शब्द बोलतो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेत कॉमिकमधून लोकांसमोर आला. ज्याला ओळख लपवायची आहे, त्याने खरं तर आडबाजूच्या कचेरीत फायली सांभाळाव्यात. हा क्लार्क केंट झाला वर्तमानपत्राचा वार्ताहर! पुढे १९७१ मध्ये लेखकांनी त्याला चक्क टीव्हीवर बातम्या सांगायला बसवलं. घराघरांत तोच चेहरा, तरी ओळखलं कुणीच नाही.

असा तो एकटाच नाही. १९६४ चा डेअरडेव्हिल म्हणजे न्यूयॉर्कमधला अंध वकील मॅट मर्डॉक. दिवसा कोर्टात कायद्याची बाजू मांडायची आणि रात्री कायदा बाजूला ठेवून गुंडांना बडवायचं. बॅटगर्ल म्हणजे बार्बरा गॉर्डन ही आधी ग्रंथपाल. १९७२ च्या कथेत ती निवडणूक लढवून थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेली.

मुलं विचारतात, नुसता चष्मा लावला की ओळखू कसा येत नाही? माझं उत्तर असं, की चष्मा नाही, त्याला खुर्ची लपवते. सार्वजनिक काम करणाऱ्याकडे आपण माणूस म्हणून बघतच नाही. बातम्या सांगणारा, वकील, ग्रंथपाल एवढंच आपल्याला दिसतं. त्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागते. पहिल्याच कथेत क्लार्क एका दांडगटापुढे मुद्दाम नमतं घेतो आणि लुईस लेन त्याला भेकड ठरवते. थोड्या वेळाने त्याच माणसाच्या तावडीतून तिला सोडवणारा सुपरमॅन हाच. पण खुलासा करायची सोय नाही!

आता मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आपला पंप बंद पडला. दोन दिवस पाणी नव्हतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहून सेक्रेटरींना झाडलं. "फोन उचलत नव्हता, होतात कुठे तुम्ही? खुर्ची झेपत नसेल तर सोडा," असंही बोललो. तुमच्यापैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ एवढंच म्हणाले, "चूक झाली. पुन्हा होणार नाही."

पुढे दीड वर्षाने एका सभासदाकडून कळलं. त्या दोन रात्री ते त्या सभासदाच्या आईजवळ हॉस्पिटलात बसले होते. मुलगा परदेशातून पोचेपर्यंत दुसरं कुणी नव्हतं. घरची अडचण चारचौघांत जाऊ नये, म्हणून सभेत ते गप्प राहिले.

ते कोण, ते सांगणार नाही. पंचवीस वर्षांत आपले सेक्रेटरी चार झाले आणि चौघेही आज इथे आहेत. ज्याला कळायचं त्याला कळलं आहे. ते आत्ताही मागे उभे राहून जेवणाची ताटं मोजत असतील.

पंपाचा जाब विचारणं चूक नव्हतं. पाणी सर्वांचं आहे, हिशोब मागायलाच हवा. पण माझ्या प्रश्नातला माणूस हरवला होता. साहेब, तो प्रश्न मी भर सभेत विचारला होता, म्हणून माफीही भर सभेतच मागतो.

आणि ताटं मोजून झाली असतील, तर आज पहिल्या पंगतीला आमच्याबरोबर बसा.